पगाराची पाटी लावा

खडकवासला धरणाची क्षमता १.९७ टीएमसी. पानशेत १०.६५, वरसगाव १२.८२, टेमघर ३.७१. चारही धरणे मिळून २९.१५. जून उजाडला की पुण्यात हे आकडे शाळकरी पोरांनाही तोंडपाठ असतात. सकाळच्या पेपरात साठ्याची टक्केवारी येते, संध्याकाळी मोबाइलवर विसर्गाचे क्युसेक येतात. पाणी मोजलेच पाहिजे. १९६१ च्या १२ जुलैला पानशेत फुटले आणि खडकवासल्याची भिंतही गेली. तेव्हापासून हे शहर पाण्याचा आकडा विसरत नाही.

आता त्याच भिंतीपासून सिंहगड रस्त्याने खाली उतरा. किरकटवाडी फाटा, नांदेड फाटा, पुढे धायरी, आत वळले की नऱ्हे. मुख्य रस्त्यावर शोरूम आणि सोसायट्यांच्या कमानी, आतल्या गल्ल्यांत पत्र्याच्या शेडचे गाळे. लेथ, मिलिंग, प्रेस, प्लेटिंग आणि ग्रायंडिंग-बफिंग. चाकावर धातू दाबून धरायचा, बर काढायची, पृष्ठभाग सपाट करायचा, आरशासारखी चकाकी आणायची, असे काम करणारी माणसे या पट्ट्यात पुष्कळ आहेत. कुणी लातूर-परभणीकडून आलेले, कुणी बीडचे, कुणी उत्तर प्रदेश-बिहारचे, कुणी इथल्याच मावळातल्या गावांचे.

त्यांना पगार काय मिळतो, हे कुठल्याही गाळ्यात विचारून पाहा. मालक म्हणतो, ‘कामावर आहे.’ सुपरवायझर म्हणतो, ‘तसं फिक्स नाही, हात बघून ठरवतो.’ कामगार म्हणतो, ‘ओटी धरून बावीस-तेवीस पडतात.’ तिघांपैकी एकालाही आठ तासांचा कायदेशीर दर सांगता येत नाही. शेजारच्या गाळ्यात काय देतात, तेही कुणी सांगत नाही. ज्या शहराला धरणाचा साठा दशांश चिन्हाच्या पुढे दोन घरे माहीत असतो, त्याला आपल्या वेशीवरच्या ग्रायंडरवाल्याचा महिन्याचा पगार हजाराच्या आसपाससुद्धा सांगता येत नाही. हे मला मान्य नाही, आणि म्हणून आजचे सदर या एकाच मागणीसाठी आहे: गाळ्याच्या दारात पगाराची पाटी लावा.

ही मागणी माझ्या डोक्यातून आलेली नाही. ती कायद्यात लिहिलेली आहे.

संसदेने २०१९ मध्ये वेतन संहिता मंजूर केली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती लागू झाली. तिच्या ५० व्या कलमात म्हटले आहे की, प्रत्येक मालकाने आस्थापनेत ठळक जागी सूचना लावायची. कामगारांच्या वर्गवारीनुसार वेतनदर, पगाराचा कालावधी, पगाराचा दिवस आणि वेळ, त्या भागातल्या निरीक्षकाचे नाव व पत्ता, हे सगळे त्यात हवे. त्याच कलमात प्रत्येक कामगाराला पगाराची पावती देण्याची सक्ती आहे. सूट फक्त शेतीसाठी किंवा घरकामासाठी पाचपर्यंत माणसे ठेवणाऱ्याला. बफिंगचा गाळा यात बसत नाही. तुमच्याकडे एकच माणूस चाकावर उभा असला तरी पाटी बंधनकारक आहे. संहिता येण्याआधीही १९४८ च्या किमान वेतन कायद्यात नोंदवही, सूचना आणि पावतीची तरतूद होतीच. म्हणजे पाऊणशे वर्षे ही पाटी लागायला हवी होती.

आता सांगा, नांदेड फाट्यापासून नऱ्ह्यापर्यंत अशा किती पाट्या दिसतात? ‘येथे जॉबवर्क स्वीकारले जाईल’ दिसते. ‘हेल्पर पाहिजे, ऑपरेटर पाहिजे’ दिसते, त्याखाली मोबाइल नंबर दिसतो. पगाराची जागा कोरी असते.

कोरी जागा कुणाच्या फायद्याची आहे, ते हिशेबाने पाहू. हे आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत, प्रत्येकाने आपापले टाकून पाहावेत. समजा एका ऑपरेटरचा पगार महिना १५,६०० रुपये ठरला. २६ दिवसांनी भागा, रोज ६०० रुपये. आठ तासांनी भागा, तासाला ७५. तो रोज बारा तास उभा राहतो, म्हणजे चार तास जादा, महिन्याला १०४ तास. गाळ्यात ओटी बहुधा ‘सिंगल’ने मोजतात: ७५ गुणिले १०४, झाले ७,८०० रुपये. हातात पडले २३,४००. पोरगा गावाकडे सांगतो, तेवीस हजार पगार आहे. गावाकडे बाप शेजाऱ्याला सांगतो. कुणाच्या लक्षात येत नाही की जादा कामाचा दर दुप्पट असतो. जुन्या कायद्यात होता, नव्या संहितेतही दुप्पटच आहे. दुप्पटीने त्या १०४ तासांचे १५,६०० व्हायला हवे होते. म्हणजे दर महिन्याला ७,८०० रुपये त्याच्या खिशात येण्याआधीच कापले गेले. वर्षाला ९३,६००. एवढ्यात पोराचे आयटीआय पूर्ण होते, किंवा धायरीतल्या खोलीचे वर्षाचे भाडे निघते.

आणि हे जादा तास तरी कायद्यात बसतात का? महिन्याला १०४, तीन महिन्यांत ३१२ तास. तिमाहीत जादा कामाची मर्यादा ११५ तास होती. राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये ती १४४ पर्यंत वाढवायला आणि कारखान्यातला कामाचा दिवस बारा तासांपर्यंत लांबवायला मान्यता दिली. तरी ३१२ हे १४४ च्या दुपटीहून अधिकच. मंत्रिमंडळाने दिवस लांबवला, त्याच बैठकीत प्रत्येक गाळ्यात दुप्पट दराची पाटी लागली की नाही हे तपासायचा आदेशही निघायला हवा होता. तास वाढवण्याची घाई आणि दर सांगण्याची टाळाटाळ एकत्र चालणार नाही.

सरकार स्वतः काय दर देते, तेही बघा. खडकवासल्यातच केंद्र सरकारच्या मोठ्या संस्था आहेत. १९१६ साली सुरू झालेले केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र इथे आहे, पलीकडे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे. केंद्राच्या अखत्यारीतल्या आस्थापनांमधल्या कंत्राटी कामांना केंद्राचे किमान वेतन लागू होते. १ ऑक्टोबर २०२४ पासून मोठ्या शहरांच्या अ क्षेत्रात झाडूकाम-सफाईला रोज ७८३ रुपये, विनाशस्त्र पहाऱ्याला ९५४ रुपये असे ते दर जाहीर झाले. महिन्याचे होतात २०,३५८ आणि २४,८०४. आठ तासांचे. वरच्या हिशेबातला आपला ऑपरेटर बारा तास चाकावर उभा राहून २३,४०० घेतो. सफाई करणाऱ्या बाईला आणि पहारेकऱ्याला हा दर मिळायलाच हवा, त्यात एक रुपया कमी नको. प्रश्न असा आहे की, दोन किलोमीटरवर सरकारने मोजून-मापून ठरवलेला दर आहे आणि फाट्यावर मात्र ‘हात बघून’ ठरतो, हे कसे?

राज्याचेही दर आहेत. अभियांत्रिकी उद्योग हा महाराष्ट्रात अनुसूचित उद्योग आहे. कुशल, अर्धकुशल, अकुशल असे वर्ग आहेत, परिमंडळे आहेत, मूळ दरावर महागाईशी जोडलेला विशेष भत्ता आहे आणि तो जानेवारीत व जुलैत असा वर्षातून दोनदा बदलतो. नवे दर येईपर्यंत ही जुनी दरपत्रके चालूच राहतात. ती काढून वाचायला वकील लागू नये. पण कामगाराला ती वाचायला मिळत नाहीत, कारण ती भिंतीवर नसतात.

परिमंडळावरून एक गोष्ट आठवली. ३० जून २०२१ रोजी खडकवासला, नांदेड, किरकटवाडी, नांदोशी, नऱ्हे, कोपरे, कोंढवे-धावडे ही गावे इतर गावांबरोबर पुणे महापालिकेत आली. धायरीचा उरलेला भाग, शिवणे, उत्तमनगर २०१७ मध्येच आले होते. बहुतेक अनुसूचित उद्योगांत महापालिका हद्दीला वरचा दर असतो. मिळकतकराची बिले महापालिकेच्या दराने आली, त्यावर सभा झाल्या, मोर्चे निघाले. पगार महापालिकेच्या परिमंडळाने आला का, हे विचारायला एकही मोर्चा निघाला नाही. नगरसेवक व्हायची इच्छा असलेल्या प्रत्येकाने या पट्ट्यात हा एक प्रश्न घेऊन फिरावे. मतदार गाळ्यातच सापडतील.

आता वर्गवारीतली चलाखी. ग्रायंडिंग हे कुशल काम आहे. आयटीआयमध्ये ‘मशिनिस्ट ग्राइंडर’ हा दोन वर्षांचा ट्रेड आहे. सरफेस आणि सिलिंड्रिकल ग्रायंडरवर मायक्रॉनमध्ये माप धरावे लागते, आणि मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. चाक ड्रेस कधी करायचे, कट किती घ्यायचा, कूलंट कमी पडले की जॉब जळतो तो कसा ओळखायचा, हे हातात यायला वर्षे जातात. बफिंगला पदविका नसली म्हणून ते सोपे ठरत नाही. स्टीलचा जॉब घ्या. सरसाने एमरी चिकटवलेल्या चाकावर आधी ८० चा दाणा, मग १२०, १८०, २४० असे बारीक होत जायचे. एक पायरी चुकवली तर आधीचा ओरखडा शेवटच्या चकाकीत उठून दिसतो. मग सिसलचा बफ, मग कापडी बफ आणि हिरवा साबण. मिनिटाला २,८०० च्या आसपास फेरे घेणाऱ्या चाकावर जॉब दोन्ही हातांनी दाबून धरायचा. कडा चुकीच्या बाजूने लागली तर चाक जॉब हिसकावून भिरकावते, आणि तो कुठे जाईल ते बफिंगवाल्याच्या हातात राहत नाही.

एवढे करणारा माणूस मस्टरवर ‘हेल्पर’ असतो. किंवा ‘ट्रेनी’. चार-चार वर्षे ट्रेनी. कारण हेल्पर म्हटले की अकुशल दर लागतो, ट्रेनी म्हटले की तोही लागत नाही. वर्ग कामावरून ठरतो, मस्टरवरच्या शब्दावरून नाही. मशीन चालवणारा माणूस ऑपरेटर आहे. ‘हेल्पर’ लिहून त्याच्या हातून ऑपरेटरचे काम करून घेणे ही वेतनचोरी आहे, आणि तिला हेच नाव द्यायला हवे.

दुसरी वाट ‘नगावर’ची. बफिंग मोठ्या प्रमाणात उक्ते किंवा नगावर चालते. नळाचा मुखडा इतक्याला, हँडल इतक्याला, रेलिंगचा पाइप फुटावर. मालक सांगतात, ‘हा पगारी नाही, नगावर आहे, त्याला किमान वेतन कसलं?’ हे साफ खोटे आहे. १९४८ च्या कायद्याचे १७ वे कलम स्पष्ट होते आणि नव्या संहितेतही तीच तरतूद आहे: नगावर काम करणाऱ्यासाठी वेगळा नगदर ठरलेला नसेल, तर त्याला वेळेनुसारच्या किमान दरापेक्षा कमी देता येत नाही. दिवसभरात नग कमी आले, कास्टिंग खराब आले, वीज गेली, चाक वेळेवर मिळाले नाही, तरी आठ तासांचा किमान रोज द्यावाच लागतो. नगाचा दर त्याच्या वर.

धुळीचा हिशेब तर पगारात कुणी धरतच नाही. संध्याकाळी बफिंगच्या गाळ्यातून बाहेर पडणारा माणूस ओळखायला ओळखपत्र लागत नाही. भुवया, नाक, कानाच्या पाळ्या काळ्या पडलेल्या असतात. ३०४ ग्रेडच्या स्टीलमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. ते घासले की हवेत काय उडते हे वेगळे सांगायला नको. मग कापडी बफाचे तंतू, साबणाची वाफ, चाकाचे कण. तोंडाला बांधलेला रुमाल यातले काहीही अडवत नाही. वर्षानुवर्षे हाताच्या ग्रायंडरवर काम केलेल्यांची बोटे थंडीत पांढरी पडतात, मुंग्या येतात, सुई धरवत नाही. ॲल्युमिनियमची धूळ तर पेट घेते. चीनमधल्या कुनशान शहरात २ ऑगस्ट २०१४ रोजी मोटारींच्या चाकांना पॉलिश करणाऱ्या कारखान्यात साठलेल्या धुळीचा स्फोट झाला आणि शंभराहून अधिक कामगार गेले. तेही जॉबवर्कच होते, मोठ्या मोटार कंपन्यांच्या साखळीतले.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या शेफील्डला काटे-सुऱ्या घासणारे कामगार कोरड्या दगडाच्या धुळीने तिशी-पस्तिशीत मरत. धूळ ओढून घेणारी साधने आली, तेव्हा त्यांतल्या काहींनी ती लावायला विरोध केला, अशी नोंद त्या काळच्या लेखकांनी केली आहे. भीती अशी की धोका कमी झाला की धोक्यापायी मिळणारा जादा पगारही जाईल, आणि माणसे जास्त जगली तर कामाला माणसे जास्त होऊन दर पडेल. आपल्याकडचा ग्रायंडरवाला तर त्यांच्याहून वाईट सौद्यात उभा आहे. त्याला धूळही मिळते आणि तिच्यापायी जादा पैसाही मिळत नाही. धुळीचा उपाय एकच आहे, चाकावर हूड आणि मागे ओढणारा पंखा. जादा पगार हा त्याचा पर्याय नव्हे. पण जोवर पंखा नाही, तोवर पगार तरी कुशल कामगाराचा द्या.

इथे कायद्याने एक मोठे भगदाड ठेवले आहे. जुन्या कारखाने अधिनियमात ग्रायंडिंगच्या प्रत्येक मशीनजवळ चाकाच्या कमाल सुरक्षित वेगाची सूचना लावायची सक्ती होती, धूळ ओढून घ्यायची सक्ती होती, डोळ्यांच्या संरक्षणाची होती. पण नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत विजेवर चालणाऱ्या जागेत २० कामगार असतील तरच ती ‘कारखाना’ ठरते. आपल्या फाट्यावरचा बफिंगचा गाळा सात-आठ माणसांचा, फार तर बारा. कर्मचारी राज्य विमा दहा कामगारांपासून लागतो, भविष्य निर्वाह निधी वीसपासून. म्हणजे आठ माणसांच्या गाळ्यात बोट गेले तर बिबवेवाडीच्या विमा रुग्णालयाचे दार त्याच्यासाठी बंद. या सगळ्या कायद्यांना संख्येची अट आहे. किमान वेतनाला आणि पगाराच्या पाटीला मात्र ती नाही. म्हणून मी या एका पाटीवर एवढा जोर देतो आहे. छोट्या गाळ्यातल्या माणसाच्या हातात कायद्याचे हे एवढेच टोक येते.

मालकाची बाजू ऐकायलाच हवी, आणि ती खरीही आहे. गाळेवाला स्वतः बऱ्याचदा जुना ऑपरेटरच असतो. कर्ज काढून दोन स्पिंडल घेतलेला. वरची कंपनी दरवर्षी दर कमी करून मागते. जॉब आज नेते, पैसे तीन-चार महिन्यांनी देते. भाडे ठरलेले, वीजबिल ठरलेले, चाके, बफ आणि साबण बाजारभावाने. दाबता येण्यासारखी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे चाकावर उभा असलेला माणूस. हे मी मान्य करतो. पण उपाय कुठे शोधायचा? सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायदा २००६ सालचा आहे. त्यानुसार नोंदणीकृत लघुउद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. आता प्राप्तिकरातही वेळेत न दिलेली रक्कम कंपनीला त्या वर्षीचा खर्च म्हणून दाखवता येत नाही. मालकांनी हे हत्यार वरच्या दिशेने चालवावे. संघटना करा, दरपत्रकात मजुरीची ओळ वेगळी दाखवा, किमान वेतनाखाली येणारा दर एकत्र मिळून नाकारा. कंपनीपुढे मान खाली आणि कामगारापुढे छाती पुढे, हा व्यवहार बंद करा.

आणि ‘परवडत नाही’ हे उत्तर न्यायालयाने केव्हाच फेटाळलेले आहे. १९६१ साली उन्निचोयी विरुद्ध केरळ राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, किमान वेतन देताना मालकाची ऐपत बघायची नसते. १९८२ च्या एशियाड कामगारांच्या निकालात तर किमान वेतनापेक्षा कमी देऊन घेतलेले काम हे घटनेच्या २३ व्या कलमाखाली वेठबिगारीत मोडते, इथवर न्यायालय गेले. दिल्लीतल्या क्रीडासंकुलांसाठी निघालेला निकाल नऱ्ह्याच्या शेडलाही लागू आहे.

किमान वेतनाचे विधेयक केंद्रीय विधिमंडळात ११ एप्रिल १९४६ रोजी मांडले गेले, तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १९४८ मध्ये त्याचा कायदा झाला. दर ठरवायचा कसा, याची रीत १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेने घालून दिली: कमावत्यामागे तीन एकक माणसांचे अन्न, माणशी २,७०० उष्मांक, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे, इंधन-दिवाबत्तीला २० टक्के. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात मुलांचे शिक्षण, औषधपाणी, सणसमारंभ, म्हातारपण यांसाठी आणखी २५ टक्के धरायला सांगितले. २०१९ मध्ये केंद्राच्याच सत्पथी समितीने देशासाठी रोज ३७५ रुपयांची शिफारस केली, आणि सरकारने त्याच वर्षी तळाचा दर ठेवला १७८. महिन्याचे ४,६२८ रुपये. एवढ्यात पुण्यात जेवण होत नाही, भाडे तर दूरच. म्हणून राज्याचा दर, आपल्या परिमंडळाचा दर, आपल्या वर्गाचा दर माहीत असणे महत्त्वाचे आहे. तळाच्या आकड्यावर कुणी समाधान मानू नये.

मोजणे अशक्य आहे, असेही कुणी सांगू नये. अमेरिकेत कामगार सांख्यिकी कार्यालय धातू ग्रायंडिंग-पॉलिशिंग मशीन चालवणाऱ्यांचा वेगळा सांकेतांक ठेवते, ५१-४०३३, आणि एकेका महानगरासाठी दर काढते. तळच्या दहा टक्क्यांना तासाला किती, मधल्याला किती, वरच्या दहा टक्क्यांना किती. डेट्रॉइटचा कामगार क्लीव्हलँडचा दर घरबसल्या पाहतो आणि त्यावर मालकाशी बोलतो. आपल्या राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरणातही धातू पॉलिश आणि ग्रायंडिंगवाल्यांचा गट आहे, क्रमांक ७२२४. म्हणजे खाना आहे, तो महानगरनिहाय कुणी भरत नाही. केंद्राच्या श्रम ब्यूरोने व्यवसायवार वेतन पाहणी १९५८-५९ मध्ये सुरू केली होती. पुण्याने तर त्याच्याही आधी मोजले आहे. गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळांनी पुण्याची सामाजिक-आर्थिक पाहणी केली, तिचे दोन खंड १९४५ आणि १९५२ मध्ये निघाले. संगणक नव्हता, मोबाइल नव्हता. माणसे दारोदार गेली आणि लिहून घेतले. तीच संस्था आजही याच शहरात आहे, विद्यापीठ आहे, समाजकार्याची महाविद्यालये आहेत. नांदेड फाटा ते नऱ्हे हा पट्टा एका उन्हाळी सुट्टीत गाळान्‌गाळा मोजून होईल. विद्यार्थ्यांना यापेक्षा चांगला प्रकल्प कोणता द्यायचा?

महापालिकेकडे तर मोजायचे काम सोपे आहे. प्रत्येक गाळ्याची मिळकतकरासाठी नोंद आहे. पाण्याची, विजेची, अग्निशमनाची कागदपत्रे आहेत. परवानगी देताना किंवा बिल स्वीकारताना ‘वेतनदराची सूचना लावली आहे का, फोटो जोडा’ एवढी एक ओळ टाका. कामगार खात्याकडे निरीक्षक कमी आहेत, हे रडगाणे मी खूप ऐकले आहे. पाटी बघायला निरीक्षकाने आत जायचीही गरज नाही. ती दारात असली की रस्त्याने जाणाराही वाचतो.

सोसायट्यांनीही ऐकावे. जिन्याची स्टील रेलिंग बसवून घेताना, फाटक चकचकीत करून घेताना कंत्राटदार आणतो तो पोरगा चष्म्याशिवाय, मास्कशिवाय फ्लॅप व्हील चालवत असतो आणि ठिणग्या त्याच्या पापण्यांपर्यंत जातात. फुटाचा दर पाडून मागताना कमिटीच्या चेअरमनने एक प्रश्न विचारावा: यात त्याचा रोज किती धरला आहे? उत्तर मिळाले नाही तर काम थांबवा.

कामगार मित्रांनो, शेवटचे तुमच्याशी. पगाराची पावती मागा. लेखी मिळत नसेल तर हजेरीचे आणि जादा तासांचे रोजच्या रोज वहीत लिहा, जमा झालेल्या पगाराचे मोबाइलवरचे संदेश पुसू नका. आठ तासांचा दर वेगळा आणि ओटीचा वेगळा विचारा. तुमच्या वर्गाचा सध्याचा दर पुण्याच्या अपर कामगार आयुक्त कार्यालयातून विशेष भत्त्यासकट लिहून घ्या आणि गाळ्यात सगळ्यांना दाखवा, एकट्याने मालकासमोर उभे राहू नका. कमी मिळालेल्या वेतनासाठी नव्या संहितेत तीन वर्षांपर्यंत दावा करता येतो, आधी ही मुदत सहा महिन्यांचीच होती. फरकाची रक्कम तर मिळतेच, वर तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार प्राधिकाऱ्याला आहे.